खाणीचा आपत्कालीन आराखडा लिहायला कोठून घ्यावा?

मध्यम आकाराच्या एका भूमिगत खाणीत नुकतीच सुरक्षा अधिकाऱ्याची जबाबदारी स्वीकारलेल्या अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: खाणीचा जुना आपत्कालीन आराखडा नियमांच्या कसोटीला उतरतो, तपासणीत त्यावर कधी आक्षेप आलेला नाही, परंतु उद्या खरोखरच आग लागली तर तो उपयोगी पडेल असा विश्वास वाटत नाही, नवा आराखडा करायचा तर सुरुवात कोठून करावी, त्यात काय असलेच पाहिजे आणि बाहेरून येणाऱ्या बचाव पथकावर किती भिस्त ठेवावी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे. पहिल्या तासाभरात बचाव पथकावर काहीही भिस्त ठेवू नये. पथकाला निरोप जाणे, माणसे गोळा होणे, श्वसनयंत्रे तपासून घेणे, खाणीवर पोहोचणे, आतल्या वायूंची स्थिती समजून घेणे आणि आत जाण्याची परवानगी मिळणे या सर्व पायऱ्या वेळखाऊ आहेत आणि त्या वेळखाऊ असणे योग्यच आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सागो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी सकाळी स्फोट झाला, तेव्हा पहिले बचाव पथक आत शिरायला सुमारे अकरा तास लागले. अडकलेल्या १३ जणांपैकी एकच वाचला. पहिल्या तासात माणसे वाचतात ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या कमरेच्या सेल्फ रेस्क्यूअरने (विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास घेता यावा यासाठीचे छोटे उपकरण) आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या मदतीने. म्हणून आराखडा व्यवस्थापकाच्या कार्यालयातून खाली लिहीत जाऊ नये. खाणीतल्या सर्वांत दूरच्या फेसवर, म्हणजे जेथे प्रत्यक्ष खोदकाम चालते तेथे, पाळी संपत आली असताना, थकलेल्या कामगाराला धुराचा पहिला वास येतो तेथून तो बाहेरच्या दिशेने लिहीत यावा.

मी तपासलेल्या बहुतेक आराखड्यांची पहिली चाळीस पाने संघटनेचे तक्ते, व्याख्या आणि दूरध्वनी क्रमांक यांनी भरलेली असतात. फेसवरच्या माणसाने काय करायचे, हे कोठे तरी परिशिष्टात दोन ओळींत उरकलेले असते. हा क्रम उलटा केला की उरलेल्या आराखड्याला आपोआप दिशा मिळते, असा माझा अनुभव आहे. त्या कामगाराला इशारा कसा मिळेल, तो कोणत्या वाटेने निघेल, वाट बंद असेल तर कोठे थांबेल, तो बाहेर आला की नाही हे कोणाला कळेल, आणि तो आला नाही तर त्याला शोधायला कोण, केव्हा आणि कोणत्या अटींवर जाईल, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच आराखडा.

त्याआधी आपल्या खाणीत खरोखर काय घडू शकते, हे ठरवावे लागते. येथे संभाव्य धोक्यांची लांबलचक यादी करण्याचा मोह आवरावा. भूमिगत कोळसा खाणीसाठी आग, स्फोट, पाणी शिरणे, छत कोसळून मार्ग बंद होणे आणि वायुवीजन थांबणे एवढ्या घटनांचा तपशिलाने विचार झाला, तर बाकीच्या बहुतेक प्रसंगांत त्याच व्यवस्था उपयोगी पडतात. धातूंच्या खाणीत मिथेनचा प्रश्न सहसा गौण असतो. तेथे डिझेल यंत्रांना लागणारी आग आणि स्फोटकांचा धूर जास्त महत्त्वाचे ठरतात. प्रत्येक घटनेसाठी एकच गोष्ट बारकाईने लिहून काढावी: ही घटना सुरू झाली तर खाणीतल्या प्रत्येक विभागातल्या माणसाला पहिल्यांदा काय जाणवेल, आणि किती वेळाने? ताजी हवा आत आणणाऱ्या मार्गात कन्व्हेयर पट्ट्याला आग लागली, तर तो धूर वाऱ्यासोबत थेट माणसांकडे जातो. तीच आग परतीच्या, म्हणजे वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या मार्गात लागली, तर अनेकांना ती जाणवतही नाही. आगीची जागा बदलली की सुटकेची वाट बदलते, आणि म्हणून ‘आग लागल्यास जवळच्या मार्गाने बाहेर पडावे’ हे वाक्य कोणाच्याच कामाचे नाही.

पाण्याचे संकट याहून वेगळे असते. तेथे उंचीला महत्त्व असते, आणि नेहमीचा बाहेर पडण्याचा रस्ता सखल भागातून जात असेल तर तोच घातक ठरतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरले आणि ३७५ माणसे गेली. पेनसिल्व्हेनियातील क्वेक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी फुटून आत आले, कारण त्या जुन्या खाणीच्या शेवटच्या टप्प्याचे काम हाती असलेल्या नकाशात नव्हते. त्या दुर्घटनेतली एक बाब प्रत्येक सुरक्षा अधिकाऱ्याने लक्षात ठेवावी. पाणी ज्यांच्या अंगावर आले त्या नऊ जणांनी आधी खाणीतल्या फोनवरून दुसऱ्या विभागातल्या पथकाला सावध केले, आणि ते पथक वेळेत बाहेर पडले. स्वतः अडकलेल्या त्या नऊ जणांनाही चौथ्या दिवशी जिवंत बाहेर काढण्यात आले. एका फोनने इतकी माणसे वाचतात, तेव्हा तो फोन कोठे लावलेला आहे, त्याला वीज कोठून मिळते आणि विभागाची वीज तोडल्यावरही तो चालतो का, हे आराखड्याच्या केंद्रस्थानी असले पाहिजे.

आता सुटकेच्या वाटेकडे येतो. येथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि आपणही घालवावा. नकाशावर हिरव्या रेषेने दाखवलेला मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिल्याशिवाय आराखड्यात येऊ देऊ नये. चालायचे तर पूर्ण साहित्यासह, वयाने मोठ्या आणि चालीने सर्वांत मंद असलेल्या कामगाराला पुढे ठेवून, आणि शक्य असेल तेथे धुरासारखी दृष्टी अडवणारे चष्मे लावून. धुरात माणूस वाकून, भिंत चाचपडत, मध्येच थांबत चालतो. स्वच्छ हवेत वीस मिनिटांत कापलेले अंतर तेथे त्याच वेळात कापले जात नाही. हा मोजलेला वेळ हातात आल्यावरच सेल्फ रेस्क्यूअरचा हिशोब करावा. उपकरणावर लिहिलेली मिनिटे ही श्वासाच्या एका ठरावीक वेगासाठी असतात. चढावर धडपडणारा, घाबरलेला, वजनदार माणूस तेवढाच प्राणवायू बराच लवकर संपवतो, आणि स्वस्थ बसून राहिलेल्या माणसाला तोच जास्त वेळ पुरतो. मोजलेला वेळ उपकरणाच्या क्षमतेच्या जवळपास जरी जात असला, तरी वाटेत बदलाची ठाणी, म्हणजे नवे उपकरण घेण्याच्या जागा हव्यात, आणि त्या अशा अंतरावर हव्यात की सर्वांत मंद माणूसही पहिले उपकरण संपण्याआधी तेथे पोहोचेल.

आपल्या खाणीत कोणत्या जातीची उपकरणे आहेत, हेही तपासावे. गाळणीचे सेल्फ रेस्क्यूअर फक्त कार्बन मोनॉक्साइडपासून संरक्षण देतात. हवेत प्राणवायूच कमी असेल तर ते निरुपयोगी असतात. स्वतः प्राणवायू तयार करणारी रासायनिक उपकरणे अशा हवेतही चालतात, परंतु त्यांची सवय लागते. दोन्ही प्रकारांत आत येणारी हवा गरम लागते आणि श्वास ओढायला जोर पडतो. ज्याने हे कधी अनुभवलेले नाही, तो खऱ्या प्रसंगी उपकरण बिघडले असे समजून ते तोंडातून काढतो किंवा बोलण्यासाठी क्षणभर बाजूला करतो, आणि तेवढे पुरेसे असते. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर गेले की काही मिनिटांत मृत्यू येतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून वर्गातले प्रात्यक्षिक पुरेसे मानू नये. गरम हवा आणि श्वासाचा अडथळा यांचा अनुभव देणाऱ्या सरावाच्या उपकरणांवर प्रत्येक कामगाराने अंधारात, गुडघ्यांवर बसून, हातमोज्यांसह ते चढवून पाहिले पाहिजे. अंधारासाठीच मार्गभर दोरी बांधावी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने शंकू बसवावेत: हात शंकूवरून सहज सरकला तर बाहेरची दिशा, अडला तर आतली. दोरी जेथे दरवाज्यातून किंवा वळणावरून जाते तेथे ती तुटलेली, अडकलेली किंवा साहित्याखाली गाडलेली आढळते. पाळीच्या तपासणीत तिचा समावेश करावा.

दुसरा मार्ग खरोखर मार्ग आहे का, हा प्रश्न स्वतःला निर्दयपणे विचारावा. न्यूझीलंडमधील पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी झालेल्या स्फोटात आणि त्यानंतर २९ जण मरण पावले. तेथे वायुवीजनाच्या उभ्या विवरातली शिडी हा दुसरा मार्ग मानला गेला होता; संकटात, उपकरण तोंडात धरून ती चढून जाणे माणसाला व्यवहारतः शक्य नव्हते. त्याच वर्षी चिलीतील कोपियापोजवळच्या सान होसे खाणीत ३३ जण अडकले, तेव्हा वर जाणाऱ्या विवरात शिडीच नव्हती. दोन्ही ठिकाणी कागदावर पर्याय होता. ज्या मार्गाने जखमी सहकाऱ्याला स्ट्रेचरवर नेता येत नाही, तो माझ्या मते पूर्ण मार्ग नाही. निदान तशी नोंद आराखड्यात स्पष्ट असावी, म्हणजे कोणी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

बाहेर पडणे शक्य नसेल तर आश्रयकक्ष, म्हणजे श्वासयोग्य हवेची सोय असलेली खाणीतलीच बंद खोली. धातूंच्या खाणींत त्यांचा वापर प्रस्थापित आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचनांत त्यांची क्षमता ३६ तासांची अपेक्षिली आहे, तर अमेरिकेच्या भूमिगत कोळसा खाणींत श्वासयोग्य हवा ९६ तास पुरावी असा दंडक आहे. कोळसा खाणीत मात्र दुसऱ्या स्फोटाची शक्यता असते, त्यामुळे तेथे बाहेर पडण्याचा प्रयत्न आधी आणि कक्ष नंतर हा क्रम कामगारांच्या मनात पक्का असला पाहिजे. मिथेन नसलेल्या खोल धातूच्या खाणीत, लांब चढाचा रस्ता धुराने भरला असेल, तर जवळच्या कक्षात जाऊन दार लावून घेणे हाच बहुतेकदा शहाणा निर्णय असतो. आपल्या खाणीपुरता हा निर्णय आधीच करून, एका वाक्यात, सर्वांना समजेल अशा भाषेत लिहावा. धुरात उभे राहून ही चर्चा करता येत नाही.

इशारा कोण देणार आणि माणसे बाहेर काढण्याचा आदेश कोण देणार, या बाबतीत माझे मत ठाम आहे. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला, तो पदाने कितीही कनिष्ठ असला तरी, कोणालाही न विचारता संपूर्ण खाण रिकामी करण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्याचा आदेश चुकीचा ठरला तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, हे व्यवस्थापकाच्या सहीने लिहून दिलेले असले पाहिजे. आतला संपर्क अचानक तुटणे, पंख्याचा दाब एकदम बदलणे, एकाच वेळी अनेक संवेदक बंद पडणे ही स्वतःच आपत्तीची लक्षणे आहेत. पाइक रिव्हरमध्ये आतला संपर्क तुटल्यानंतर आपत्कालीन सेवांना बोलावेपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. वीज गेली असेल, केबल तुटली असेल, आधी पाहून येऊ, असे प्रत्येकाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच आराखड्याने हा विचार करण्याची गरज त्या माणसाच्या डोक्यावरून काढून घ्यावी: अमुक दोन लक्षणे एकत्र दिसली की इशारा द्यायचा, बाहेरचा निरोप पाठवायचा, कारण नंतर शोधायचे. सागोनंतर अमेरिकेत झालेल्या २००६ च्या कायद्याने गंभीर अपघाताची खबर पंधरा मिनिटांत देणे बंधनकारक केले. आपल्या देशातला नियम काहीही असो, खाणीने स्वतःसाठी याहून ढिली मर्यादा ठेवू नये. नियंत्रण कक्षात जाड दस्तऐवज नको. टेबलावर एकच टणक पान हवे, त्यावर पहिल्या पंधरा मिनिटांची कामे क्रमाने आणि मोठ्या अक्षरांत हवीत, आणि प्रत्येक कामापुढे वेळ लिहायला जागा हवी.

इशारा पोहोचण्याच्या किमान दोन स्वतंत्र पद्धती असाव्यात. अनेक धातूंच्या खाणींत संपीडित हवेच्या नळांतून आणि वायुवीजनातून तीव्र दुर्गंधीचा इथाइल मर्कॅप्टन सोडतात. जेथे आवाज ऐकू येत नाही तेथेही वास पोहोचतो, परंतु तो पोहोचायला वेळ लागतो आणि तो वेळ विभागवार मोजलेला असावा. फोन, रेडिओ, दिव्यांची उघडझाप यांपैकी जे असेल ते, एकाच केबलवर किंवा एकाच बोगद्यातून गेलेले नसावे.

हजेरीबद्दल एवढेच सांगतो की लॅम्प रूममधली (कामगारांना टोपीचे दिवे देण्याच्या खोलीतली) संख्या, फलकावरची टोकने आणि पाळीच्या नोंदवहीतली नावे यांचा मेळ कोणत्याही क्षणी काही मिनिटांत घालता आला पाहिजे. कंत्राटदारांची माणसे, पाहुणे, सर्वेक्षक, दुरुस्तीसाठी अवेळी उतरलेला विद्युत तंत्रज्ञ यांच्यामुळे हिशोब चुकतो. एक माणूस आत आहे की घरी गेला आहे हे ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठी पाच-सहा जणांचे बचाव पथक जीव धोक्यात घालून आत जाते, यावरून या साध्या कामाचे मोल लक्षात यावे.

यानंतर बचावकार्याचा भाग येतो. तेथे आराखड्याचे मुख्य काम माणसांना रोखण्याचे असते, हे वाचून कदाचित विचित्र वाटेल. खाणीतला स्फोट अनेकदा एकटा येत नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना स्फोटक असतो. पहिल्या स्फोटाने वायुवीजन कोलमडते, मिथेन साचू लागतो, आणि आत कोठे तरी धुमसत असलेली आग त्याची वाट पाहत असते. पाइक रिव्हरमध्ये पाचव्या दिवशी दुसरा स्फोट झाला. क्वीन्सलँडमधील मौरा क्रमांक २ खाणीत ऑगस्ट १९९४ मध्ये पहिल्या स्फोटानंतर दोन दिवसांत दुसरा झाला. यूटा राज्यातल्या क्रँडल कॅन्यन खाणीत ऑगस्ट २००७ मध्ये अडकलेल्या सहा जणांना शोधताना पुन्हा भिंती फुटून तीन बचावकर्ते मरण पावले. सहकारी आत अडकलेले असताना प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या माणसांना थांबवणे हे या व्यवसायातले सर्वांत कठीण काम आहे, आणि ते केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या धैर्यावर सोडू नये. आत जाण्याच्या अटी शांततेच्या काळात, कामगारांच्या प्रतिनिधींना बरोबर बसवून लिहाव्यात: कोणत्या ठिकाणच्या हवेचे नमुने हवेत, किती वेळाच्या अंतराने घेतलेले हवेत, मिथेन, प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण कोणत्या दिशेने सरकत असले तर आत जायचे आणि कोणत्या दिशेने सरकत असले तर आत गेलेल्यांनाही परत बोलवायचे.

या अटी पाळायच्या तर नमुने मिळण्याची सोय आपत्तीआधीच हवी. पाइक रिव्हरच्या चौकशीत नेमकी हीच उणीव ठळकपणे पुढे आली: मुख्य पंखा जमिनीखाली बसवलेला होता आणि स्फोटात तो निकामी झाला; दूरच्या भागांतली हवा नळ्यांवाटे पृष्ठभागावर ओढून तपासणारी यंत्रणा तेथे नव्हती. आत काय चालले आहे हे कोणालाच खात्रीने सांगता येईना, आणि खात्री नसताना घेतलेला प्रत्येक निर्णय वादाचा ठरला. विजेवर चालणारे संवेदक स्फोटानंतर बहुधा बंद पडतात; नळ्यांची यंत्रणा पृष्ठभागावरून चालते म्हणून तिचा काही भाग तरी टिकण्याची आशा असते. वायुमय खाणीसाठी या खर्चाचे समर्थन करताना मला कधीही संकोच वाटलेला नाही. त्याचबरोबर नमुन्यांचे विश्लेषण करणारा माणूस रात्री दोन वाजताही कोठे सापडेल, हे लिहून ठेवावे. यंत्र आहे परंतु निष्कर्ष वाचणारा नाही, ही स्थिती वारंवार दिसते.

मुख्य पंख्याविषयी एक इशारा द्यायला हवा. आग म्हटली की पंखा बंद करा किंवा हवेची दिशा उलटवा, असे सुचवणारा कोणी तरी असतोच. पंखा बंद केला तर आगीला हवा कमी मिळते, हे खरे. परंतु आतल्या माणसांनाही ती कमी मिळते, मिथेन साचतो, आणि धूर कोठे जाईल याचा अंदाज राहत नाही. हवा उलटवली तर आतापर्यंत स्वच्छ असलेल्या वाटेत धूर शिरतो, आणि तीच वाट धरून कोणी बाहेर येत असेल. हवा आत नेणाऱ्या शाफ्टच्या (उभ्या विवराच्या) तोंडाशीच आग लागली असेल तर दिशा उलटवणे योग्य ठरू शकते. आगीच्या प्रत्येक संभाव्य जागेसाठी वायुवीजन अभियंत्याने आधी गणित करून निर्णय लिहून ठेवावा. आणि तशी जागा यादीत नसेल, तर माणसे बाहेर येईपर्यंत पंख्याला हात लावायचा नाही, हा नियम ठेवावा.

पथकाच्या कामाचे तपशील पथकप्रमुख जाणतात, त्यामुळे त्यांत शिरत नाही. आराखड्यात ताज्या हवेचा तळ (पथक जेथून आत जाते ती खाणीतली सुरक्षित हवेची जागा) कोठे असेल, राखीव पथक तयार असल्याशिवाय पहिले पथक आत जाणार नाही, आणि बंद मंडलाच्या (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या) श्वसनयंत्राची क्षमता चार तासांची असली तरी परतीचा वेळ पथकातल्या सर्वांत कमी प्राणवायू उरलेल्या सदस्यावरून ठरेल, एवढे असावे. उष्ण आणि दमट खाणीत प्राणवायूआधी शरीर थकते. म्हणून तापमानानुसार कामाच्या वेळेची मर्यादा तक्त्याच्या रूपात तळावर लावलेली असावी.

अडकलेल्यांपर्यंत भोक पाडून पोहोचण्याची शक्यता बहुतेक आराखड्यांत उल्लेखापुरतीच असते, आणि ती तशी राहू नये असे मला तळमळीने वाटते. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून अडकलेल्या ६५ जणांना मोठ्या व्यासाचे भोक पाडून, त्यातून पोलादी कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढण्यात आले. अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले होते. क्वेक्रीकमध्ये पहिले लहान भोक नेमके माणसांच्या जागी पोहोचले, त्यातून उबदार संपीडित हवा सोडता आली आणि माणसे तगली. चिलीत सुमारे ७०० मीटर खोलवर असलेल्या ३३ जणांचा ठावठिकाणा सतराव्या दिवशी लागला आणि ६९ दिवसांनी ते बाहेर आले. यंत्र, जिद्द आणि नशीब यांच्याइतकाच या तिन्ही ठिकाणी अचूक सर्वेक्षणाचा प्रश्न होता. आपल्या भूमिगत नकाशाची पृष्ठभागावरच्या बिंदूंशी जुळणी किती अचूक आहे? शेवटचे सर्वेक्षण कधीचे आहे? माणसे एकत्र जमण्याची ठिकाणे आणि आश्रयकक्ष यांचे पृष्ठभागावरचे निर्देशक (नेमक्या स्थानाचे आकडे) काढून ठेवले आहेत का? त्या बिंदूपर्यंत ड्रिलिंग यंत्र जाईल असा रस्ता आहे का, की तेथे आता इमारत किंवा तळे आहे? यंत्र कोणाकडे आहे आणि ते किती तासांत येईल? हे सर्व आजच, काहीही घडलेले नसताना ठरवता येते.

खाणीच्या परिसरात उघडी खाण किंवा गाळाचा (खनिज काढून उरलेला चिखल साठवणारा) बंधारा असेल तर त्यांचा वेगळा विचार करावा, कारण तेथे आपत्ती बहुधा आधी सूचना देते आणि सगळा खेळ ती सूचना मानण्याचा असतो. यूटामधील बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी उताराचा प्रचंड भाग खाली आला. खडकाच्या हालचालीवर सतत लक्ष होते, ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर माणसे आधीच हलवली गेली, आणि कोणालाही इजा झाली नाही. याउलट ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी भर दुपारी बंधारा फुटला, तेव्हा कामगारांचे उपाहारगृह आणि कार्यालय बंधाऱ्याच्या थेट खाली होते आणि भोंगे वाजलेच नाहीत. २७० जण मरण पावले. भोंगा कितीही चांगला असला तरी जेथे गाळ मिनिटाभरात पोहोचतो, तेथे माणसांना बसवायचेच नाही. आराखडा तयार करताना अशी इमारत आढळली, तर तिच्यासाठी सुटकेचा मार्ग आखत बसू नये. ती हलवण्याची शिफारस करावी आणि ती लेखी करावी.

कुटुंबीयांसाठीची व्यवस्था मी जाणूनबुजून आराखड्याच्या मुख्य भागात घालायला सांगतो. सागोमध्ये श्वसनयंत्रे लावलेल्या माणसांकडून टप्प्याटप्प्याने आलेला निरोप चुकीचा ऐकला गेला. १२ जण जिवंत आहेत अशी बातमी वाट पाहणाऱ्या घरच्यांपर्यंत पोहोचली आणि ती खोटी असल्याचे त्यांना सांगायला सुमारे तीन तास लागले. यावर उपाय साधा आहे, पण तो आधी ठरवावा लागतो. आतून आलेला प्रत्येक महत्त्वाचा निरोप परत म्हणून दाखवून खात्री करायची. नियंत्रण कक्षातले बोलणे बाहेर ऐकू जाईल अशी जागा किंवा रेडिओ वाहिनी ठेवायची नाही. घरच्यांना बसायला प्रसारमाध्यमांपासून दूर स्वतंत्र जागा द्यायची. ठरावीक वेळी, नवीन काही नसले तरी, एकाच जबाबदार व्यक्तीने येऊन बोलायचे. आणि जे घरच्यांना सांगितलेले नाही ते इतर कोणालाही सांगायचे नाही.

शोध कधी थांबवायचा, हेही लिहावे लागते. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कुरिएर खाणीत १,०९९ माणसे गेली, आणि स्फोटानंतर वीस दिवसांनी १३ जण अंधारात वाट काढत जिवंत बाहेर आले. त्यामुळे ‘आता कोणी जिवंत नसेल’ हा निष्कर्ष अंदाजाने काढू नये. तो वायूंच्या नमुन्यांवर, भोकांतून केलेल्या पाहणीवर आणि संपर्काच्या प्रयत्नांच्या नोंदींवर आधारलेला असावा, आणि तो एका माणसाने एकट्याने घेऊ नये.

आता सरावाबद्दल. महिनाभर आधी जाहीर केलेली, दिवसपाळीत, सर्व अधिकारी हजर असताना केलेली रंगीत तालीम प्रशिक्षण म्हणून ठीक आहे, परंतु तिच्यावरून आराखड्याची परीक्षा होत नाही. मौराच्या चौकशीनंतर क्वीन्सलँडने १९९८ पासून दरवर्षी एका खाणीत मोठा आपत्कालीन सराव घेण्याची आणि त्याचा अहवाल सर्वांसाठी खुला करण्याची पद्धत सुरू केली. ती पद्धत अनुकरणीय आहे, कारण त्यात उणिवा लपवल्या जात नाहीत आणि इतर खाणीही त्यांतून शिकतात. आपल्या खाणीत वर्षातून एकदा तरी रात्रपाळीत, पूर्वसूचना न देता, मोजक्या निरीक्षकांसह सराव घ्यावा. नियंत्रण कक्षातल्या माणसाला खरोखर निर्णय घेऊ द्यावा. व्यवस्थापक फोन उचलत नाही, मुख्य मार्ग धुराने बंद आहे, एक माणूस चालू शकत नाही, अशा अडचणी मध्येच घालाव्यात. निरीक्षकांनी फक्त वेळा टिपाव्यात: पहिले लक्षण, इशारा, शेवटच्या विभागाला इशारा मिळणे, पहिला माणूस बाहेर, शेवटचा माणूस बाहेर, हजेरी पूर्ण. या सहा वेळांची तुलना आधीच्या सरावाशी केली की आराखडा सुधारतो आहे की नाही, हे कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा स्पष्ट दिसते.

आपण विचारले आहे म्हणून प्रत्यक्ष क्रम सांगतो. पहिल्या आठवड्यात जुना आराखडा उघडूही नका. सर्वांत दूरच्या विभागात एका अनुभवी ओव्हरमनला (पाळीच्या देखरेख अधिकाऱ्याला) सोबत घेऊन जा, तेथल्या पाच-सहा कामगारांना स्वतंत्रपणे विचारा की आत्ता धूर आला तर काय कराल, आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्या. त्यांच्या उत्तरांत जेवढा फरक असेल, तेवढे आपले काम शिल्लक आहे. मग दोन्ही मार्ग चालून वेळ मोजा, नियंत्रण कक्षात एक रात्र बसा, पंखा आणि वायुनमुन्यांची स्थिती वायुवीजन अभियंत्याकडून समजून घ्या, जवळच्या बचाव केंद्राच्या प्रमुखाला खाण प्रत्यक्ष दाखवा आणि पथक किती वेळात आत शिरू शकेल हे त्याच्याकडूनच स्पष्टपणे ऐका. त्यानंतर लिहायला बसा. लिहून झाल्यावर प्रत्येक उणिवेपुढे ती दूर करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तारीख घाला. आणि एक अट पहिल्याच पानावर छापून टाका: फेस ठरावीक अंतर पुढे सरकला, नवा विभाग उघडला, एखादा मार्ग बंद झाला किंवा वायुवीजनात बदल झाला की सुटकेचे मार्ग पुन्हा चालून वेळ मोजेपर्यंत त्या विभागात उत्पादन सुरू करायचे नाही. व्यवस्थापनाशी वाटाघाटी करताना बाकी काही सोडावे लागले तरी चालेल, परंतु ही अट सोडू नका.